स्पर्शाची शाळा : आर्नोकाठचे पोंतेदेरा

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या आडवाटांवर वडापची माणसे, भाजीच्या पाट्या आणि दुधाचे कॅन घेऊन धावणारी तीनचाकी ॲपे रिक्षा साऱ्यांच्या ओळखीची आहे. तिच्या नावाचा अर्थ मात्र फार थोड्यांनी विचारला असेल. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. तिची थोरली बहीण ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. दोघींचे माहेर एकच, इटलीच्या तोस्काना प्रांतातील पोंतेदेरा हे गाव. महाराष्ट्राशी या गावाचे नाते जुने आहे. १९६०च्या सुमारास बजाज कंपनीने पियाजिओ कंपनीचा परवाना घेऊन पुण्याच्या परिसरात व्हेस्पा स्कूटर बनवण्यास प्रारंभ केला, आणि आज बारामतीला पियाजिओचाच कारखाना उभा आहे.

फ्लॉरेन्सहून पिसाकडे जाणारी रेल्वे बराच काळ आर्नो नदीच्या सोबतीने धावते. बहुतेक प्रवासी पिसाचा कलता मनोरा पाहण्यासाठी निघालेले असतात. पिसाच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर गाडी पोंतेदेराला थांबते तेव्हा त्यांतले फारसे कोणी खिडकीबाहेरही पाहत नाही. पाहण्याजोगे राजवाडे किंवा चित्रशाळा येथे नाहीत. दक्षिणेच्या टेकड्यांतून येणारी एरा नदी येथे आर्नोला मिळते, आणि ‘एरा नदीवरील पूल’ एवढाच या गावाच्या नावाचा अर्थ. लोक कारखान्यात राबणारे, बोलणे कामापुरते, रस्ते सरळसोट. तरीही ज्याला यंत्राच्या आणि जीवाच्या नात्याविषयी कुतूहल आहे, त्याने येथे उतरावे.

स्थानकाच्या जवळच रिनाल्दो पियाजिओ यांच्या नावाचा लांब रस्ता आहे. कारखान्याच्या जुन्या टूलरूममध्ये २००० साली उघडलेले पियाजिओ संग्रहालय याच रस्त्यावर आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथे विमाने बनत. युद्धात बाँबफेकीने कारखाना उद्ध्वस्त झाला. विमाने बनवण्याचे दिवस संपले होते, हजारो हात रिकामे होते आणि मोडक्या रस्त्यांच्या देशाला स्वस्त वाहन हवे होते. एन्रिको पियाजिओ यांनी हे काम कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येच्या अभियंत्याकडे सोपवले. दास्कानियो यांनी १९३० साली उडवलेले हेलिकॉप्टर त्या काळात विक्रमी ठरले होते, आणि मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागते, चाक बदलणे जिकिरीचे होते, बसताना पाय उचलावा लागतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या तक्रारींतूनच स्कूटर घडली. पुढचे चाक एकाच बाजूने धरणारा दांडा त्यांनी विमानाच्या चाकांवरून घेतला. नमुना पाहून, त्याचा रुंद पार्श्वभाग आणि बारीक कंबर पाहून, एन्रिको पियाजिओ यांच्या तोंडून ‘ही तर गांधीलमाशी दिसते’ असे उद्गार निघाले, अशी कथा येथे सांगितली जाते. २३ एप्रिल १९४६ रोजी स्कूटरच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज झाला. दोन वर्षांनी मधमाशी आली.

ही साम्यापुरती गोष्ट होती. त्या स्कूटरने गांधीलमाशीपासून नावाखेरीज काही घेतले नव्हते. जीवसृष्टी ही उपमेची खाण आहे असे त्या पिढीने मानले, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच रस्त्यावर थोडे पुढे चालत गेले की एका वेगळ्या पिढीचे काम लागते. पिसाच्या ‘सांत आन्ना’ या उच्च शिक्षणसंस्थेची जैवयंत्रमानव प्रयोगशाळा येथे आहे, आणि इटालियन तंत्रज्ञान संस्थेचे सूक्ष्म जैवयंत्रमानव केंद्रही येथेच स्थापन झाले. पाओलो दारियो यांच्यासारख्या अभियंत्यांनी येथे वैद्यकासाठी यंत्रमानव घडवणारी एक परंपराच उभी केली. या इमारतींत जीवाचे रूप घेण्यापेक्षा त्याची रीत शिकण्यावर भर आहे. मूळ जमिनीत कसे शिरते, अळी पुढे कशी सरकते, बोटाला मऊ-कठीण कसे कळते, असे प्रश्न येथे वर्षानुवर्षे विचारले जातात. प्रश्न साधे दिसतात, पण ते सगळे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे स्पर्श.

यंत्रांना डोळे लवकर मिळाले. कॅमेरा माणसाच्या दृष्टीला मागे टाकील इतका तीक्ष्ण झाला. स्पर्श मात्र यंत्राला फार काळ मिळालाच नाही. मोटारींच्या कारखान्यातील बलाढ्य यंत्रभुजा जाळीच्या कुंपणाआड काम करते, याचे कारण तिला समोर पत्रा आहे की कामगाराचा खांदा आहे हे स्पर्शाने कळत नाही. यंत्र घरात, रुग्णाच्या खाटेजवळ, शरीराच्या आत न्यायचे असेल तर या उणिवेचा विचार प्रथम करावा लागतो.

बार्बरा मात्सोलाई या मूळच्या जीवशास्त्रज्ञ. जगातले यंत्रमानव कुत्र्यासारखे चालत होते, माशासारखे पोहत होते. त्यांनी मात्र जागचे न हलणाऱ्या झाडाला गुरू केले, आणि तेही झाडाच्या दिसणाऱ्या भागाला नव्हे, मुळाला. हे ऐकून अनेकांना नवल वाटले असणार. परंतु मूळ हे हालचालीचे एक अद्भुत यंत्र आहे. खिळा मातीत ठोकला तर त्याची सबंध लांबी मातीशी घासते. मूळ तसे ढकलले जात नाही. ते केवळ टोकाशी वाढते, मागचा भाग जागच्या जागी स्थिर राहतो, म्हणून घर्षण सोसावे लागते ते टोकालाच. हे टोक पाण्याचा अंश, क्षार, गुरुत्वाकर्षण आणि दगडाचा अडसर यांची दखल घेते व त्याप्रमाणे वळते. डार्विनने आपला पुत्र फ्रान्सिस याच्यासह १८८० साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात मुळाच्या टोकाची तुलना क्षुद्र प्राण्यांच्या मेंदूशी केली होती. त्या तुलनेवरून पुढे पुष्कळ वाद झाले.

२०१२ ते २०१५ या काळात युरोपीय संघाच्या साहाय्याने येथे ‘प्लॅन्टॉइड’ हा वनस्पतीसारखा यंत्रमानव घडला. त्याच्या कृत्रिम मुळाच्या टोकात संवेदक बसवलेले होते, आणि मुळाच्या एका प्रकारात टोकाशीच एक छोटे छपाईयंत्र होते. प्लॅस्टिकचा तंतू आत येतो, टोकाशी वितळतो, वलयावर वलय चढते आणि मूळ आपली लांबी आपणच रचत जाते. अडथळ्याचा स्पर्श झाला की एका बाजूस अधिक थर चढतो आणि मूळ वळते. ही वाढ मुंगीच्या पावलांपेक्षाही धीमी आहे. पुढे या संशोधनाने जेनोआच्या प्रयोगशाळेत वेलीचे रूप घेतले, आणि आधार शोधत, प्रकाश व गुरुत्व ओळखत वाढणाऱ्या ‘फिलोबॉट’चे वृत्त जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात काही न हलवता, काही न ढासळवता वाट काढणे, हे अशा यंत्राचे एक अपेक्षित कार्य आहे. भूकंप पाहिलेल्या किल्लारीच्या लोकांना त्याची आवश्यकता समजावून सांगावी लागणार नाही.

जैन परंपरेत वाढलेला वाचक येथे क्षणभर थांबेल. जीवांची गणना इंद्रियांवरून करणाऱ्या त्या परंपरेत वनस्पती एकेंद्रिय मानली आहे, आणि ते एक इंद्रिय म्हणजे स्पर्शन. द्वींद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत पुढे सारी इंद्रिये वाढत जातात, परंतु स्पर्श प्रत्येकापाशी असतोच. पोंतेदेराच्या अभियंत्यांचा या विचाराशी काही संबंध आलेला नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याचे कारणही नाही. आधुनिक वनस्पतिशास्त्राची मोजणीही वेगळी आहे. तरी झाडाला स्पर्श कळतो हे गृहीत धरून कंदमुळे उपटण्यास कचरणाऱ्या घरातील मुलीला मुळाच्या टोकावरील संवेदकाचे चित्र पाहून परके वाटणार नाही, एवढे म्हणता येईल.

याच मंडळींनी बीजाकडूनही धडा घेतला. माळावरून चालताना धोतराला, परकराला चिकटणारे कुसळ सगळ्यांना माहीत आहे. कुसळाची शेपटी ओलाव्याने उलगडते, उन्हाने पीळ घेते, आणि या पिळण्या-उलगडण्यातून बी स्क्रूप्रमाणे मातीत उतरते. त्याला ना स्नायू, ना विजेरी. जिरेनियमच्या कुळातील एका वनस्पतीचे बी हाच मार्ग अवलंबते, आणि त्यावरून बेतलेले, मातीत विरून जाणारे इवलेसे यंत्र मात्सोलाई यांच्या गटाने २०२३ साली सादर केले. जमिनीची स्थिती अशा बीजांकरवी कळावी, असा त्यामागील हेतू आहे. यंत्र आणि कचरा हे शब्द आज जवळजवळ जोडीने येतात. त्यांची ताटातूट करू पाहणारा हा प्रयत्न छोटा असला तरी उपेक्षणीय नाही.

एरा नदीच्या काठाने दक्षिणेला गेले की टेकडीवर पेच्चोली हे गाव लागते. आतड्याच्या तपासणीसाठी येथील एका कंपनीने ‘एन्डोटिक्स’ नावाचे साधन तयार केले. सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ते लगेच समजेल, कारण त्याची चाल उंटअळीची आहे. उंटअळी मागचे पाय रोवते, पुढचे अंग लांबवते, पुढचे पाय रोवते आणि मागचे अंग पाठीची कमान करून ओढून घेते. नेहमीच्या तपासणीत नळी मागून ढकलली जाते. वळणावर आतड्याची भिंत ताणली जाते आणि रुग्ण कळवळतो. या साधनाची मऊ नळी ढकलली जात नाही. ती पुढच्या टोकाने हलकेच धरते, लांबते, आखडते आणि स्वतःच पुढे सरकते. पिकाची पाने खाणाऱ्या त्या अळीला शेतकरी शत्रू मानतो. तिच्याच चालीने कोणा वृद्धाची एक वेदना कमी व्हावी, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

स्पर्शाच्या कामाची सर्वांत हृदयस्पर्शी कसोटी रोममध्ये झाली. फटाक्यांच्या अपघातात डावा हात गमावलेल्या डेन्मार्कच्या एका गृहस्थाच्या दंडातील मज्जातंतूंना २०१३ साली सूक्ष्म विद्युदग्रे जोडण्यात आली. कृत्रिम हाताच्या बोटांतील संवेदकांचे संदेश त्या तंतूंतून मेंदूकडे पोहोचू लागले. डोळ्यांवर पट्टी व कानांवर बंद झाकण असताना हाती दिलेली वस्तू कठीण आहे की कापसासारखी मऊ, हे त्यांना सांगता आले. सांत आन्ना संस्थेचे संशोधक या कार्यात सहभागी होते. त्या वेळी सुरक्षिततेसाठी ही जोडणी महिन्याभरात काढून घ्यावी लागली. नऊ वर्षांनी परतलेला स्पर्श महिन्यात पुन्हा गेला. या ओळीवर संशोधनवृत्त थांबत नाही, पुढचे आकडे देते. वाचणारा मात्र थांबतो.

पोंतेदेराहून पश्चिमेकडे निघालेली गाडी पिसा ओलांडून लिव्होर्नोला समुद्र गाठते. मेदिची घराण्याने वसवलेले हे बंदर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे सर्व देशांच्या व धर्मांच्या व्यापाऱ्यांना आश्रय देणारा कायदा झाला होता. बंदराच्या दक्षिणेला ‘राणीचा खडक’ नावाच्या ठिकाणी सांत आन्ना संस्थेचे सागरी यंत्रमानवांचे केंद्र आहे. चेचिलिया लास्की यांच्या नेतृत्वाखाली २००९ ते २०१३ या काळात चाललेला ऑक्टोपसचा प्रकल्प या किनाऱ्याच्या ओढीने बहरला.

ऑक्टोपसच्या देहात हाड नाही. आठ भुजा म्हणजे केवळ स्नायू. हत्तीची सोंड आणि माणसाची जीभ याच जातीची. स्नायू उभे, आडवे, तिरपे असे विणलेले असतात. आडवे आवळले की भुजा बारीक होऊन लांबते, उभे आवळले की आखडते. तिला कोठेही सांधा नाही, म्हणून ती कोठेही वाकते. सुमारे पन्नास कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश या भुजांतच पसरलेल्या असतात, त्यामुळे बराचसा निर्णय हातच घेतो. प्रत्येक चूषकाला स्पर्शाबरोबर चवही कळते. लास्की यांच्या गटाने मोजले तेव्हा भुजा सरासरी सत्तर टक्के लांबते आणि सुमारे चार किलो वजन उचलण्याइतक्या जोराने ओढते, असे आढळले. पोलादाला जमणार नाही ते या मऊ मांसाला कसे जमते, हा अभियंत्यांपुढील कोडे होते. त्यांनी सिलिकॉनच्या भुजेत तारा घातल्या, तापवताच आखडणाऱ्या विशेष धातूच्या स्प्रिंगा आडव्या बसवल्या, आणि एके दिवशी तो मऊ यंत्रमानव भूमध्य समुद्राच्या पाण्यात सोडला. तो चालला, आणि पोहलाही.

याच विचाराचा वैद्यकीय धागा शस्त्रक्रियेकडे गेला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सरळ, कडक दांडे पोटात शिरतात. मार्गात येणारे अवयव बाजूला सारावे लागतात, आणि शल्यविशारदाचा हात देहापासून दूर गेल्यामुळे ऊतीचा मऊपणा त्याला पूर्वीसारखा कळत नाही. २०१२ ते २०१५ या काळात लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नेतृत्वाखाली अनेक देशांतील संस्थांनी, त्यांत सांत आन्नानेही, मऊ शल्यभुजा विकसित केली. ती अवयवांच्या आजूबाजूने वळते. पण जी मऊ आहे ती कापताना स्थिर कशी राहील? पोंतेदेराच्या मंडळींनी उत्तर शोधले ते कॉफीत. भुजेच्या आतील पिशवीत कॉफीची भुकटी भरली. हवा असेतो ती सैल असते, हवा शोषून घेताच कण एकमेकांत अडकून भुजा ताठ होते. निर्वात बांधणीचे कॉफीचे पाकीट विटेसारखे कडक असते आणि कापताच ढिले पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगणे नलगे. इटालियन प्रयोगशाळेत कॉफी हाताशी असणे ओघानेच आले. पुढे तोरिनोच्या शल्यविशारदांनी ही भुजा मृतदेहांवर वापरून पाहिली. प्रयोगशाळेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंतची वाट लांब असते, आणि ती लांबच असावी.

ज्याच्याकडून शिकायचे त्या ऑक्टोपसचे काय? लिव्होर्नोच्या प्रसिद्ध मत्स्यरश्श्यात तो तुकडे होऊन पडतो, आणि बंदरातील उपाहारगृहांना त्याचे काही वाटत नाही. प्रयोगशाळेला मात्र आता वाटावे लागते. प्राण्यांवरील प्रयोगांविषयीच्या युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशाने कण्याच्या प्राण्यांच्या जोडीला ऑक्टोपस व त्याचे सगेसोयरे यांनाही संरक्षण दिले. पाठीचा कणा नसलेल्या जीवांपैकी हा मान त्यांनाच मिळाला. २०१३च्या आरंभापासून हे नियम लागू झाले. त्यांना वेदना होते याचा पुरावा शास्त्रज्ञांनीच मांडला होता. लास्की यांच्या गटाने भुजेची लांबी मोजली ती ऑक्टोपसला नळीतून आमिषाकडे भुजा लांबवू देऊन, आणि आतली रचना पाहण्यासाठी सोनोग्राफीचा आधार घेतला. ऊतींचे छेद घेणे या क्षेत्रातून नाहीसे झाले आहे असे नव्हे. तो हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

परतीची गाडी पिसाला थांबते तेव्हा या हिशेबाची जुनी बाजू आठवते. गॅलिलिओच्या शिष्यपरंपरेतील जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली १६५६ पासून अकरा वर्षे येथे गणिताचा अध्यापक होता. प्राण्यांच्या गतीवरील त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये रोमला छापला गेला. हाडे या तरफा आहेत, आणि उचललेल्या ओझ्यापेक्षा कितीतरी अधिक बल स्नायूंना लावावे लागते, हे त्याने गणिताने दाखवले. पंख लावले तरी माणसाच्या छातीतील बळ उडण्यास अपुरे आहे, हेही त्यानेच सांगितले. आजच्या प्रत्येक कृत्रिम गुडघ्यामागे बोरेल्ली उभा आहे. याच बोरेल्लीने हृदय ही देहाची भट्टी आहे की नाही हे पाहण्यासाठी जिवंत हरणाची छाती चिरून हृदय, यकृत आणि फुफ्फुसे यांत तापमापक घातला. तिन्हींची उष्णता सारखीच निघाली. प्राचीन समजूत खोटी ठरली. त्या हरणाविषयी ग्रंथांत आणखी काही लिहिलेले नाही.

पोंतेदेरा मागे पडते आणि गाडी एम्पोलीला येते. उत्तरेला, दहा-अकरा किलोमीटरवर विंची गाव आहे. लिओनार्दो तेथला, जन्म १४५२ चा. पक्ष्यांच्या उड्डाणावर वहीभर टिपणे लिहिणारा, बैलाच्या हृदयातील झडपांजवळ रक्त कसे भोवरे घेते हे समजण्यासाठी काचेचा साचा करून त्यात गवताचे बी मिसळलेले पाणी सोडण्याची युक्ती टिपून ठेवणारा. ते हृदय मेलेल्या बैलाचे होते, हेही नमूद केले पाहिजे. बाजारात पिंजऱ्यातले पक्षी दिसले की मागेल ती किंमत देऊन तो त्यांना सोडून देई, असे त्याचा चरित्रकार व्हासारी सांगतो.

आणि एम्पोलीचा आंद्रेआ कोर्साली हा पोर्तुगीज जहाजातून भारताच्या किनाऱ्यावर पोहोचलेला प्रवासी. १५१६च्या सुमारास त्याने कोचीहून जुलिआनो दे मेदिची याला पत्र धाडले. त्यात गुजराती नावाच्या लोकांचे वर्णन आहे. रक्त असलेले काहीही ते खात नाहीत आणि कोणत्याही सजीवाला इजा होऊ देत नाहीत, असे सांगून त्याने पुढे जोडले, की हे आपल्या लिओनार्दोसारखेच. ते गुजराती जैन होते की वैष्णव, हे कोर्सालीने लिहिलेले नाही. तो फरक त्याला ठाऊक असण्याचा संभवही कमी. हजारो कोसांवरच्या लोकांना आपल्या माणसाची उपमा देताना त्याला गावाशेजारच्या विंचीची आठवण झाली, इतके मात्र निश्चित.

एम्पोलीला गाडी फार वेळ थांबत नाही. फ्लॉरेन्सच्या दिशेने ती निघते तेव्हा विंचीच्या टेकड्या डाव्या हाताला राहतात, आणि आर्नोच्या काठाने संध्याकाळचे पक्षी परतत असतात.